छायाचित्रांचे रंगव्यवस्थापन

छायाचित्रातले रंग कॅमेरा, संगणक, मोबाइल आणि छापील कागद या साऱ्या टप्प्यांवर शक्य तितके सारखे राहावेत म्हणून पाळायची तांत्रिक पद्धत. लग्नाचा अल्बम, चित्रप्रदर्शनाची पुस्तिका, जुन्या भित्तिचित्रांची नोंद अशा कामांमध्ये तिची गरज विशेष जाणवते. ही तिन्ही कामे बडोद्यात चालतात.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक विषयांवरची तैलचित्रे करून घेतली. पुढे 1894 मध्ये रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. चित्र घरोघर पोचवायचे तर त्यातले रंग सुटे करून वेगवेगळ्या शिळांवर उतरवावे लागत आणि एकावर एक छापावे लागत. मूळ छटा कागदावर कशी उतरेल, हे कारागिराची नजर ठरवी. संगणकाच्या काळात त्या नजरेचा बराचसा भार कलर प्रोफाइलवर आला आहे.

डिजिटल छायाचित्रात रंग आकड्यांनी लिहिलेला असतो. नेहमीच्या 8 बिटच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांना 0 ते 255 पैकी एकेक आकडा. मात्र नुसत्या आकड्यांवरून रंग ठरत नाही. ते कोणत्या मापाने वाचायचे, हे फाइलला जोडलेले प्रोफाइल सांगते. प्रोफाइलची सर्वमान्य रचना 1993 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, म्हणजे आयसीसीने, घडवली. पडद्यांसाठी आणि इंटरनेटसाठी सर्वाधिक वापरात असलेला एसआरजीबी हा रंगावकाश, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा ठरावीक पल्ला, 1996 मध्ये पुढे आला. अ‍ॅडोबी आरजीबी 1998 चा. या दोघांचे मूळ लाल आणि निळे रंग एकच आहेत, फरक फक्त हिरव्याचा. त्यामुळे गडद मोरपंखी शालूसारख्या हिरव्या-निळ्या छटांना अ‍ॅडोबी आरजीबीत अधिक जागा मिळते.

बहुतेक घोटाळे प्रोफाइल हरवल्याने होतात. एसआरजीबीत 255, 0, 0 असा लिहिलेला लाल अ‍ॅडोबी आरजीबीत 219, 0, 0 होतो. रंग तोच, आकडे वेगळे. आता या दुसऱ्या फाइलचे प्रोफाइल गळाले आणि समोरच्या सॉफ्टवेअरने ती एसआरजीबी समजून उघडली, तर कुंकवाचा लाल मंद दिसतो, चेहरे फिके पडतात. म्हणून प्रोफाइल ‘लावणे’ आणि प्रोफाइलमध्ये ‘रूपांतर करणे’ या दोन आज्ञांमधला फरक नीट समजून घेतलाच पाहिजे. पहिल्या आज्ञेत आकडे तसेच राहतात आणि रंग बदलतो. दुसरीत रंग राखण्यासाठी आकडे बदलतात. नातेवाइकांना पाठवायची प्रत एसआरजीबीत रूपांतरित करून, प्रोफाइल जोडूनच द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचित होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे त्याचे रंग आणि उजळता मोजून प्रमाणाशी जुळवलेली, नसेल तर पुढची सारी मेहनत अंदाजावर चालते. त्यासाठी पडद्यावर ठेवून रंग मोजणारे उपकरण मिळते. ‘प्रिंट काळपट आली’ या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा फोटो छापणाऱ्या लॅबचा दोष नसतो, पडदा फार उजळ ठेवलेला असतो. छपाईच्या कामासाठी प्रति चौरस मीटर 80 ते 120 कँडेला इतकी उजळता साधारणपणे योग्य मानतात. छापील रंग तपासण्यासाठी 5000 केल्विनचा प्रकाश प्रमाण आहे. घरातल्या 6500 केल्विनच्या ट्यूबखाली तोच अल्बम निळसर वाटतो.

कागदावर आणखी मर्यादा येतात. प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या प्रत्येक जोडणीचे प्रोफाइल निराळे असते. लॅबकडून ते मागून घ्यावे आणि सॉफ्ट प्रूफ काढून, म्हणजे त्या प्रोफाइलनुसार छापील रंग पडद्यावर दाखवून, छपाईपूर्वीच अंदाज घ्यावा. चार शाईंच्या ऑफसेट छपाईत झगझगीत निळे आणि हिरवे रंग दबतात, पण तिचे काही पिवळे आणि आकाशी एसआरजीबीच्याही पलीकडे जातात. घरच्या प्रिंटरवर छापताना रंगांचे नियंत्रण फोटोशॉपकडे किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे), एकाकडेच द्यावे. दोघांनी मिळून ते केले की रूपांतर दोनदा होते आणि चित्रावर नको ती झाक चढते.

बडोद्याच्या तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे किंवा तिथल्याच कीर्तिमंदिरातली चित्रकार नंदलाल बोस यांची चित्रे टिपताना काम छायाचित्रणाच्या क्षणापासूनच सुरू व्हायला हवे. अभ्यासकाच्या हाती पुष्कळदा छायाचित्रच येते. त्यातला रंग चुकला तर चित्राविषयीचे मतही चुकते. त्यासाठी पहिल्या चौकटीत 24 रंगांची पट्टी ठेवावी, दिव्यांचा प्रकाश खिडकीच्या उजेडात मिसळू देऊ नये आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली नोंद, जपावी. संपादित मूळ प्रत 16 बिटच्या, म्हणजे छटांच्या अधिक बारीक पायऱ्या नोंदवणाऱ्या, टिफ प्रकारच्या फाइलमध्ये, प्रोफाइलसह ठेवावी. इंटरनेट, लॅब आणि ऑफसेटच्या प्रती दर वेळी तिच्यावरूनच काढाव्यात.