कंट्रोल-जे म्हणजे नॉन-डिस्ट्रक्टिव्ह नव्हे: लेअरची पार्श्वभूमी

नाशिकच्या मेन रोडवरच्या कुठल्याही स्टुडिओत नव्या पोराला पहिला धडा हाच मिळतो: फोटोशॉपमध्ये फोटो उघडला की आधी कंट्रोल-जे मार. बॅकग्राउंडची कॉपी वरच्या लेअरवर, म्हणजे पारदर्शक कागदासारख्या थरावर झाली, ओरिजिनल खाली शाबूत राहिलं, म्हणजे काम 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह', मूळ फोटो न बिघडवणारं झालं. सगळा घोळ या शेवटच्या शब्दात आहे.

निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरायचे, त्या काळात जाण्याची गरज नाही. १९९० साली फोटोशॉप आलं तेव्हा त्यात लेअर नव्हतेच आणि अनडू एकदाच व्हायचं. लेअर १९९४च्या ३.० आवृत्तीत आले. आपल्याकडे बहुतेकांना आठवते ती ही पायरी, पण खरी महत्त्वाची पायरी १९९६ची. ४.० मध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेअर आला. त्यात चित्र नसतं, नुसती सूचना असते: खालचं सगळं इतकं उजळ कर. सूचना बदलली की निकाल बदलतो, खालचा एकही पिक्सेल हलत नाही.

कॉपीचं तसं नाही. कॉपीवर लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करणारी सोय) मारली की ती कॉपी कायमची बदलली. शंका असेल तर करून बघा. ८ बिटच्या, म्हणजे दर रंगाच्या २५६ छटांच्या फोटोवर लेव्हल्समध्ये आउटपुट २५५ वरून १२८ वर आणा, ओके करा, मग पुन्हा उजळ करून मूळ जागी आणा. हिस्टोग्राम, म्हणजे कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख, कंगव्यासारखा दातेरी होतो. २५६ छटा १२९ मध्ये कोंबल्या होत्या, गेल्या त्या परत येत नाहीत. हेच दोन अ‍ॅडजस्टमेंट लेअर लावून केलं तरी वरून दातेच दिसतील, हेही खरं. पण ते दोन लेअर काढा, फोटो जसाच्या तसा.

वजनाचा मुद्दाही आहेच. अल्बमची १२ बाय १८ इंची शीट ३०० डीपीआयला सपाट असताना साधारण ५८ एमबी भरते. दोन कॉप्या घेतल्या की मेमरीत पावणेदोनशेच्या घरात. मी शिकलो त्या काळातल्या मशीनचा यात जीव जायचा, म्हणून प्रत्येक टप्प्यावर फ्लॅटन मारायची, सगळे लेअर एकात मिसळून टाकायची सवय लागली. एका लग्नात नवरीच्या शालूचा रंग मी असाच गडद करून, फ्लॅटन करून सेव्ह केला. घरचे म्हणाले, शालू राणी कलरचा होता, हा वांगी दिसतोय. पुन्हा मूळ फोटोंची सीडी शोधणं आलं. चूक माझीच, पण सवय धंद्याची होती.

१९९८च्या ५.० ने टाइप लेअर दिला, त्यामुळे 'चि. सौ. कां.' पुढच्या नावातली वेलांटी नंतरही दुरुस्त करता येऊ लागली. त्याच आवृत्तीतली हिस्टरी, म्हणजे केलेल्या पायऱ्यांची यादी, अनेकांना नॉन-डिस्ट्रक्टिव्ह वाटली. ती फाइल बंद केली की पुसली जाते. फिल्टरचा प्रश्न मात्र बरीच वर्षं लोंबकळला: ब्लर मारला की मारला. २००५च्या सीएस२ आवृत्तीत मूळ चित्र आत जपून ठेवणारे स्मार्ट ऑब्जेक्ट आले, २००७च्या सीएस३ मध्ये स्मार्ट फिल्टर, तेव्हा कुठे ब्लरची त्रिज्याही उद्या बदलता येऊ लागली. फोटोशॉपसारख्याच, पण फुकटातल्या गिंपने ही सोय थेट २०२५च्या ३.० मध्ये दिली.

२००७ मध्येच लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं आणि त्यात लेअरही लागेनात, रॉ फाइलला (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलला) हात न लावता सूचना वेगळ्या साठवल्या जाऊ लागल्या. मोबाइलवर एडिट केलेला फोटो 'रिव्हर्ट' होतो तोही याच मार्गाने. म्हणजे शब्दाचा अर्थ लेअरमध्ये नाही, सूचना आणि पिक्सेल वेगळे ठेवण्यात आहे. कोणी याला 'अविनाशी' म्हणतात. तो शब्द आत्म्यासाठी राहू द्यावा. मला 'परतीचं एडिटिंग' बरं वाटतं.

अल्बम छापणारी लॅब आजही सपाट जेपेगच मागते. ती द्यावी, आणि पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) मात्र लेअरसकट वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.