पाच जणांचं काम एकाच्या हाती: सूत्रसंचालनाची पार्श्वभूमी

'सूत्रसंचालक' हा शब्द फार जुना नाही, पण त्यातलं 'सूत्र' जुनं आहे. ते कळसूत्री बाहुल्यांचं की रंगमंडप मोजायच्या दोरीचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. नाट्यशास्त्रात मात्र सूत्रधाराचं काम नेमकं सांगितलेलं आहे. आधी नांदी, मग प्ररोचना. प्ररोचनेत कवीची, नाटकाची आणि समोर बसलेल्या रसिकांची ओळख करून द्यायची आणि ऐकणाऱ्यांची उत्सुकता चाळवायची. म्हणजे आजच्या कार्यक्रमातली पहिली दहा मिनिटंच!

आत्मविश्वासाचा प्रश्नही तितकाच जुना. कालिदासाच्या शाकुंतलात नटी सूत्रधाराला सांगते, तुमचा प्रयोग इतका बसवलेला आहे की कशात काही उणं पडायचं नाही. त्यावर तो कबूल करतो की जाणकारांचं समाधान होईपर्यंत आपल्याला खात्री वाटत नाही. कितीही शिकलेल्या माणसाचं मन स्वतःवर पुरता भरवसा ठेवत नाही. पुढे तर तो चक्क विसरतो. नटी ग्रीष्म ऋतूवरचं गाणं म्हणते, ते ऐकून हा इतका रंगतो की आज कोणतं नाटक करायचंय हेच त्याच्या डोक्यातून जातं. नटी आठवण देते, आणि तो म्हणतो, वेगवान हरणाने या दुष्यंत राजाला ओढत न्यावं तसं तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं. लगेच हरणामागे धावणारा दुष्यंत रंगमंचावर येतो. चूक झाकली नाही, तिचाच दुवा केला. पाहुण्याला मंचावर आणण्याची याहून सुरेख रीत मला तरी माहीत नाही.

मराठीत हा सूत्रधार 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'मध्ये दिसतो. तिथे तो प्रस्तावना करून आत जात नसे. टाळ-मृदंगाच्या साथीने पदं म्हणत तो कथा पुढे नेई, विदूषकाशी बोले, पात्रांचे प्रवेश जोडून देई. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणलं तेव्हा पदं पात्रांच्या तोंडी गेली आणि सूत्रधार पुन्हा सुरुवातीच्या प्रवेशापुरता उरला.

त्याच काळात नाटकाबाहेर एक नवा मंच उभा राहत होता: सभा. पुणे सार्वजनिक सभा 1870ची, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला 1875ची, पहिलं ग्रंथकार संमेलन 1878चं. सभेची शिस्त इंग्रजी बैठकीच्या रीतीवरून आली, पण भाषा इथली झाली. 'अमुक यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो', 'मी त्या सूचनेला अनुमोदन देतो' ही वाक्यं अनेकांनी शाळेत पाठ केलेली असतात. इथे सूत्रधाराचं काम वाटलं गेलं. एकाने प्रास्ताविक करायचं, दुसऱ्याने अध्यक्षांचं नाव सुचवायचं, तिसऱ्याने अनुमोदन, चौथ्याने वक्त्यांचा परिचय, पाचव्याने आभार. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार वाक्यं. त्यामुळे नवख्याला भीती बेताची आणि कार्यकर्त्यांना मानही मिळे. 'वक्त्यांना परिचयाची गरज नाही' असं म्हणून पुढे दहा मिनिटं परिचय देण्याची परंपराही बहुधा याच वाटणीतून आली असावी. एकच काम हाती आल्यावर माणूस ते पुरेपूर करणारच.

आकाशवाणीने 'निवेदक' दिला. मुंबईहून प्रसारण 1927 मध्ये सुरू झालं, पुणे केंद्र 1953 मध्ये. समोर श्रोता दिसत नसताना त्याच्याशी आपुलकीने बोलायचं, वेळ सेकंदात मोजायची, हे वळण तिथलं. भावगीतांचे कार्यक्रम रंगमंचावर आले तेव्हा दोन गाण्यांमधला धागाही कुणीतरी विणायला हवा होता. सुधीर गाडगीळ, मंगला खाडिलकर यांच्यासारख्या निवेदकांमुळे हे स्वतंत्र काम आहे, त्याची तयारी करावी लागते, हे प्रेक्षकांच्या लक्षात आलं. नाव जाहिरातीत छापलं जाऊ लागलं.

पण यातून झालं असं, की सभेत पाच जणांत वाटलेलं काम पुन्हा एकाच माइकपाशी गोळा झालं. स्वागत, परिचय, दुवे, उशिरा आलेल्या पाहुण्यांची सोय, बंद पडलेल्या ध्वनिक्षेपकाच्या वेळची भरपाई, सगळं एकाकडे. आज सोसायटीच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात 'तू कर ना सूत्रसंचालन' म्हटलं की माणूस मागे सरतो, याचं मूळ मला या ओझ्यात दिसतं, निव्वळ लाजरेपणात नाही.

गंमत म्हणजे टोस्टमास्टर्स या लोकांसमोर बोलण्याचा सराव करणाऱ्यांच्या क्लबने हेच ओझं पुन्हा वाटून दिलं. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे हा क्लब सुरू केला; पुण्या-मुंबईतही आता त्याच्या शाखा आहेत. तिथे बैठक चालवणारा वेगळा, व्याकरण पाहणारा वेगळा, वेळ मोजणारा वेगळा. वेळ मोजणारा हिरवी, पिवळी, लाल खूण दाखवतो आणि वक्ता आवरतं घेतो. आपल्या सभांत अजून चिठ्ठीच चालते. आणि ती शांतपणे वाचून, घडी घालून खिशात ठेवत 'आता मुख्य मुद्द्याकडे वळतो' म्हणणारे वक्तेही.