लोकर गरम पाण्यानं आटत नाही

थंडी सरली की विणलेले स्वेटर आणि शाली धुवायला निघतात, आणि घरोघरी एकच सूचना ऐकू येते: गरम पाणी नको, लोकर आटेल. सूचना वाईट नाही, पण तिच्यामागचं कारण चुकीचं आहे. रंगारी लोकरीच्या लड्या जवळजवळ उकळत्या पाण्यात तासभर ठेवतात. फार ढवळल्या नाहीत तर त्या लड्यांचा गोळा होत नाही. लोकर आटते ती ओल्या धाग्यांच्या घुसळणीनं, आणि त्या घुसळणीला वीण किती वाव देते हे बरंचसं क्रोशाच्या सुईवर ठरतं. नेमका त्या सुईच्या जाडीचाच बाजारात गोंधळ आहे.

आठ नंबरची सुई म्हणजे किती जाड? जुन्या ब्रिटिश पद्धतीत ४ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत ५. अमेरिकेच्याच बारीक दोऱ्यासाठीच्या पोलादी सुयांत साधारण दीड, आणि जपानी लेसच्या सुयांत ०.९. अक्षरांचंही तेच. ‘पी’ अक्षराची सुई १० मिलिमीटरचीही मिळते आणि १५ ची सुद्धा! ब्रिटिश आकडे तर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. कारण ते तारेच्या मापाशी जुळतात. तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत बारीक करतात, म्हणून जास्त वेळा ओढलेल्या तारेचा नंबर मोठा. ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेल्या स्टँडर्ड वायर गेजमध्ये ८ नंबरची तार ०.१६० इंच, म्हणजे ४.०६ मिलिमीटर भरते. मोटर रिवाइंडिंगवाले तांब्याची तार आजही याच गेजच्या नंबरानं मागतात.

एखाद्या मिलिमीटरनं काय होतं, असं वाटेल. पण टाका सुईच्या दांड्याभोवती घडतो. दांडा ४ चा ५ झाला की प्रत्येक वेढ्यात ३ मिलिमीटरहून जास्त दोरा जातो, आणि शालीत असे हजारो वेढे असतात. दोन सुयांवरच्या (निटिंगच्या) साध्या विणीबद्दल मंडेन या संशोधकानं १९५९ मध्ये दाखवलं, की ताण निघून गेलेल्या कापडात एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतील हे मुख्यतः एका लूपमध्ये किती दोरा आहे यावर ठरतं, आणि तेही त्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. टाक्यांची घनता काढायला त्या वर्गानं एका स्थिरांकाला भागायचं. लोकरीसाठी हा स्थिरांक कोरड्या कापडात १९ आणि भिजवून वाळवलेल्या कापडात २१.६ येतो. म्हणजे काहीही न चोळता, नुसतं भिजवून वाळवलं तरी तेच टाके सुमारे १२ टक्के कमी जागेत बसतात. क्रोशाच्या ‘खांब’ या टाक्याची घडण वेगळी आहे, त्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण विणताना ताणलेला दोरा पाण्यात सैलावून आपल्या सोयीचा आकार घेतो, हे तिथंही खरंच.

आता खऱ्या आटण्याकडे येऊ, कारण निसर्गातली इतकी सुंदर यंत्रणा क्वचित पाहायला मिळते. लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा, आपल्या केसासारखाच. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) जाड असतो आणि त्यावर खवले असतात. सगळ्या खवल्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर अडतं. एक लांब केस चिमटीत धरून अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेनं पुढंमागं घासून पाहा. केस जागच्या जागी हलत नाही, तो सरकत जातो, आणि नेहमी मुळाच्याच दिशेनं. हा प्रयोग फ्रेंच गणिती गास्पार मोंज यानं १७९० मध्ये लिहून ठेवला आणि टोपीवाले लोकरीचं घट्ट कापड कसं करतात याचं उत्तर त्यातूनच दिलं.

पायमोज्यात शिरलेलं कुसळ जसं चालताना पुढंच सरकतं, मागं येत नाही, तसंच इथं होतं. ओला तंतू ताणला जातो, तेव्हा त्याचं मूळ शेजारच्या तंतूंमधून पुढं घुसतं. ताण गेला की तो आखडतो. पण मूळ मागं येऊ शकत नाही, खवले अडवतात, म्हणून टोकच पुढं ओढलं जातं. प्रत्येक पिळ्याला हे घडतं. सुतात मुळं दोन्ही दिशांना असल्यामुळे तंतू एकमेकांत विरुद्ध दिशांनी शिरतात, गुंततात आणि सगळं कापड आवळत जातं. गरम पाणी तंतूला मऊ आणि ताणखाऊ करून या कामाला वेग देतं, इतकाच त्याचा वाटा. कपड्यांच्या पावडरीचा अल्कली तंतू फुगवतो आणि खवले उचलतो, तो वाटा मोठा. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून लोकर रिठ्यानं धुण्याची जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. काश्मीरचा नमदा, म्हणजे न विणलेला लोकरीचा गालिचा, याच यंत्रणेवर तयार होतो. तिथं साबणाचं पाणी शिंपडून लोकर मुद्दाम गुंडाळून तुडवतात.

तंतूला सरकायला जागा मात्र हवी. घट्ट विणीत शेजारचे टाके त्याला दाबून धरतात, सैल विणीत तो मोकळा असतो. म्हणूनच जी वस्तू मुद्दाम आटवायची असते ती मोठ्या सुईवर सैल विणतात. ४ ऐवजी ५ ची सुई हातात आली तर तोच धागा, तेच धुणं, पण आटणं जास्त. अशा वेळी दोष धाग्याच्या माथी मारला जातो. ‘सुपरवॉश’ लोकरीत क्लोरिननं खवले बोथट करून वर पातळ राळेचा थर देतात. ती आटत नाही, पण पकड गेल्यामुळे ओली असताना लांबते. वाळत टाकताना तिला टांगू नये.

धुण्याबद्दलचा आणखी एक समज सोडायला हवा: नव्या रंगीत वस्तू मिठाच्या पाण्यात भिजवल्या की रंग पक्का होतो. मीठ लागतं ते सूत रंगवताना, रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. जो रंग कच्चाच बसला आहे त्याचा धाग्याशी नवा बंध मिठानं तयार होत नाही.

आपल्याकडे लोकर म्हणून विकला जाणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकच असतो. त्याला असे खवले नाहीत, तो घुसळून आटत नाही. त्याला मात्र उष्णता खरोखर बाधते. ओलं ॲक्रिलिक उकळत्या पाण्याच्या बरंच खाली मऊ पडतं, वाफेच्या इस्त्रीखाली त्याची वीण लोळागोळा होते आणि परत उभी राहत नाही.

म्हणून शालीला हात घालण्याआधी त्याच सुईनं, त्याच धाग्याचा १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत, शाल जशी धुणार तसाच तो धुऊन सपाट वाळवावा आणि पुन्हा मोजावं. सुईवर मिलिमीटर छापलेले नसतील तर व्हर्निअर कॅलिपर लावावा, आणि तो सुईच्या वाकड्या टोकाला (हुकला) किंवा मुठीला न लावता टाका जिथं बसतो त्या सरळ दांड्याला लावावा.