आई-वडिलांची पोटगी: कोर्टात जायचं की प्रांताकडे?

मुलगा बघत नाही, पैसे देत नाही, मग पोटगीची केस टाका हे कुणीही सांगतं, पण टाकायची कुठे विचारलं की कुणी कोर्ट म्हणतं, कुणी प्रांत (म्हणजे उपविभागीय महसूल अधिकारी) ऑफिस म्हणतं, आणि दोघांचंही बरोबर असतं. कायदे दोन आहेत. कोर्टवाला म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२५, बायकोच्या पोटगीमुळे सगळ्यांना पाठ असलेलं, त्यातच आई-वडीलही आहेत हे कुणाच्या लक्षात नसतं. १ जुलै २०२४ पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. दुसरा २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, तिथे जज नाही, प्रांत अधिकारीच न्यायाधिकरण म्हणून बसतात.

एकाच वेळी दोन्हीकडे पोटगी मागता येत नाही, २००७ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की एक काहीतरी निवडा. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलं म्हणून अर्ज ठोकायच्या आधी आपल्याला नक्की काय हवंय ते बघा.

नुसते पैसे हवे असतील, आणि जास्त हवे असतील, तर कोर्ट. प्रांतांना महिन्याला १०,००० च्या वर देताच येत नाही, हा आकडा २००७ सालचा आहे आणि आज तेवढ्यात दिवसभराची बाई पण मिळत नाही शहरात. कोर्टात पूर्वी ५०० ची मर्यादा होती (हो, पाचशेच) ती २००१ मध्ये काढून टाकली, आता मुलाची कमाई आणि तुमची गरज बघून ठरतं. दोन्हीकडे स्वतःचं भागत नाही हे मात्र दाखवावं लागतं, म्हणजे पासबुक, औषधांची बिलं, पेन्शन असेल तर त्याची स्लिप, सगळं फाईलला लावा.

पण घर गेलं असेल तर प्रांतच, आणि माझ्या मते या कायद्याचा खरा जीव इथे आहे. फ्लॅट बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केला आणि सहा महिन्यांत वागणं बदललं, असं किती घरांत झालंय. कलम २३ प्रमाणे सांभाळायच्या अटीवर दिलेली प्रॉपर्टी, तो सांभाळत नसेल तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, अर्थात हा कायदा लागू झाल्यानंतर केलेलं असेल तरच. अट होती हे दाखवायचं कसं यावरच सगळं अडतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अट सिद्ध व्हायलाच पाहिजे म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या केसमध्ये कायद्याकडे जरा मोकळेपणाने बघा म्हणत बक्षीसपत्र रद्द केलं, ताबाही परत द्यायला सांगितला. तरी ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी रजिस्ट्रेशनच्या वेळीच "मरेपर्यंत सांभाळ करेल" ही ओळ कागदात टाकून घ्या, पोराला राग आला तर येऊ दे. कलम १४४ खाली कोर्ट पोटगी देईल, बक्षीसपत्राला हात लावणार नाही.

कुणावर करता येते यातही फरक आहे. लग्न झालेली मुलगी पण जबाबदार आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या केसमध्ये सांगितलंय, पण "मुलीकडे कसं मागायचं" म्हणून लोक मागत नाहीत. प्रांतांकडे सज्ञान नातू-नातही येतात, आणि ज्यांना मूलबाळच नाही अशा साठीच्या पुढच्या काका-मावशीला त्यांची इस्टेट ज्याला मिळणार त्या नातेवाईकाकडून मागता येतं, कोर्टात हे दोन्ही नाही. सुनेवर पोटगी लावायची सोय मात्र दोन्हीकडे नाही.

वकिलाचं काय? २००७ च्या कायद्यात वकील नको असंच लिहिलंय (काही ठिकाणी हायकोर्टांनी यावर वेगळं मत दिलंय), साधा अर्ज चालतो, स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर ३० दिवस वाढवून, हे कागदावर, कारण प्रांतांच्या मागे भूसंपादन, निवडणुका सगळंच असतं आणि तारखा पुढे जातात. कोर्टात त्याहून वेळ जाऊ शकतो म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम (केस चालू असेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज जोडा, तो शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं आहे. आईला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शहरात फॅमिली कोर्ट असेल तर अर्ज तिथे, नाहीतर मॅजिस्ट्रेटकडे. मुलगा पुण्यात आणि आई-वडील गावी असले तर पूर्वी कोर्टाची केस मुलाच्या जिल्ह्यात लढावी लागायची, नवीन संहितेत आई-वडील राहतात तिथेही टाकता येते, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही.

ऑर्डर होऊनही पैसे आले नाहीत तर दोन्हीकडे वॉरंट निघतं, जेलही होऊ शकते. फक्त कोर्टात थकलेल्या रकमेसाठी वर्षभरात अर्ज करायचा असतो आणि प्रांतांकडे तीनच महिन्यांत, त्यामुळे "देतो देतो" म्हणणाऱ्या मुलाची वाट बघत चौथा महिना उजाडू देऊ नका.