चिमट्यातला लाल उजेड

परवा लालबागला मावशीकडे कपाट आवरताना कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत सांगणारा बोटाचा चिमटा, सापडला. सेल बदलून तिच्या बोटाला लावला. आकडा आला ९७. "सुई नाही, रक्त काढलं नाही, मग या चिमट्याला कळतं कसं गं?" तिने विचारलं.

चिमट्याच्या वरच्या पाकळीत दोन इवले दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा अवरक्त, साधारण ९४० चा, डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश फारसा शोषत नाही, ऑक्सिजन सोडलेलं बराच शोषतं. अवरक्तात उलट. पण बोटात कातडी, हाड, नख, नीलांतलं रक्त, सगळंच प्रकाश अडवतं. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं?

याचं उत्तर जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. ते खरं तर रक्तात रंग सोडून, कानातून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजत होते. नाडीच्या ठोक्यांनी आलेख सारखा थरथरायचा. ती थरथर घालवण्याच्या खटपटीत त्यांना गवसलं की हवी ती माहिती थरथरीतच आहे! बाकी सगळं स्थिर, ठोक्यागणिक फुगतं ते धमनीतलंच रक्त. लाल प्रकाशातली थरथर तिथल्या स्थिर प्रकाशाने भागायची, अवरक्ताचंही तसंच, मग दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. गुणोत्तर १ आलं तर ऑक्सिजन सुमारे ८५ टक्के, ०.४ च्या आसपास आलं तर जवळजवळ १००.

२०२१ मध्ये कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असे मेसेज घरोघरी फिरले. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. त्या भरवशावर घरी थांबणं जिवावर बेतू शकतं.

गुणोत्तरावरून टक्के सांगणारं कोष्टक मात्र सूत्रातून येत नाही. स्वयंसेवकांचा ऑक्सिजन हळूहळू ७० टक्क्यांपर्यंत उतरवून, धमनीतलं रक्त तपासून ते बनवतात. स्वयंसेवक बहुतेक गोरे असतील तर? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, यंत्राच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली.

पवईच्या आयआयटीत डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र आणणारं बेटिक हे केंद्र २०१४ पासून आहे. आपल्याकडच्या सगळ्या वर्णांवर पारखलेलं स्वस्त यंत्र अशा ठिकाणी घडावं, असं मला मनापासून वाटतं.

मावशी सावळी आहे. तिला सांगून आले, आकडा ९७ दिसला तरी धाप लागली तर थांबू नकोस, सरळ दवाखाना गाठ.