पेपरचे पैसे भरण्याआधी संस्थेची रिपॉझिटरी बघा

पावसाळ्यात मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी पाण्याचा खारेपणा किती उतरतो, भरती आत कुठवर जाते, या सगळ्यावर गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत म्हणजे एनआयओत वर्षानुवर्षं काम झालंय. पण असे पेपर, म्हणजे शोधनिबंध, बरेचदा परदेशी जर्नल्समधे म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांत छापून येतात आणि तिथली लिंक उघडली की समोर येतं, ३०-४० डॉलर भरा. दहा-बारा पानांसाठी तीनेक हजार रुपये! मूळ खर्च सरकारचा म्हणजे आपलाच, लिहिणाऱ्याला जर्नल मानधन देत नाही, तपासणारे शास्त्रज्ञपण बहुतेक फुकटच तपासतात, मग हे पैसे नक्की कशाचे? मला हे कधीच पटलेलं नाही.

पण बरेचदा तोच पेपर संस्थेच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर साठवून ठेवायच्या ऑनलाइन संग्रहात, फुकट असतो आणि हे खूप लोकांना माहितीच नसतं. एनआयओची अशी रिपॉझिटरी आहे, नाव डीआरएस. तिथली पीडीएफ उघडली की बरेचदा दिसायला साधी असते, जर्नलसारखे दोन कॉलम नाहीत, आकृत्या आणि तक्ते सगळे शेवटी, आणि वरती लिहिलेलं असतं ‘ऑथर व्हर्जन’, पुढे जर्नलचं नाव आणि खंड. म्हणजे परीक्षकांनी तपासून, दुरुस्त्या करून जर्नलने स्वीकारलेला मजकूर, फक्त त्यांनी मांडणी करायच्या आधीचा. विज्ञान तेच. ही प्रत संस्थेत ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात, काही म्हणतात सहा महिने किंवा वर्षभर थांबा, त्याला एम्बार्गो म्हणतात. त्यामुळे यात चोरीचं काही नाही. दुसरा रस्ता म्हणजे लेखकाने पैसे भरून जर्नलमधेच पेपर खुला करायचा, पण नेचर या नामांकित जर्नलने २०२० मधे त्याचा दर जाहीर केला तो ९,५०० युरो, आपल्याकडचं कुठलं कॉलेज एका पेपरला एवढे देणार?

रिपॉझिटरी चालवायचं सॉफ्टवेअरपण फुकट आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्स २००० चं, एमआयटी आणि एचपीने मिळून केलेलं डीस्पेस २००२ चं. प्रत्येक पेपरची लेखक, वर्ष, विषय अशी नोंद ठरलेल्या पद्धतीने केलेली असते त्यामुळे सर्च इंजिनला ती सहज उचलता येते. गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या सर्चमधे पेपरच्या खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं बारीक अक्षरात दिसतं ना, तिथे क्लिक करा, रिपॉझिटरीतली प्रत असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

आता कोणी म्हणेल, सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलंय की, म्हणजे जर्नल्सची वर्गणी सरकारच एकत्र भरणार, तीन वर्षांना ६,००० कोटी. चांगलंच आहे, पण ते सरकारी संस्था आणि विद्यापीठांतल्या लोकांसाठी. मुरगावचा मच्छीमार, शाळेतले सायन्सचे सर, पर्यावरणाची केस लढणारा वकील, हे सगळे बाहेरच राहतात आणि त्यांना जर्नल नाही, रिपॉझिटरीच उपयोगी पडते.

नियमही आहे. केंद्र सरकारच्या डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान) या दोन खात्यांनी २०१४ च्या डिसेंबरमधेच धोरण काढलं की आमच्या पैशावर झालेल्या संशोधनाचे पेपर रिपॉझिटरीत ठेवा. तरी बरेच जण ठेवत नाहीत, कारण छापून आलं की ऑथर व्हर्जनची वर्ड फाइल लॅपटॉपवर कुठेतरी हरवते. म्हणून संशोधन करणाऱ्यांना कळकळीची विनंती, पेपर स्वीकारल्याचा मेल येईल त्याच दिवशी ती फाइल लायब्ररीला पाठवून द्या, एम्बार्गो कधी संपतो ते लायब्ररीवाले बघतील.