प्रोपोलिस, कर्कपेशी आणि जांभळा रंग

‘मधमाश्यांच्या प्रोपोलिसने कॅन्सर बरा होतो’ असे संदेश अधूनमधून फिरत असतात. त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा खराखुरा प्रयोग असतो. फक्त तो माणसावर नव्हे, प्लास्टिकच्या प्लेटमधल्या पेशींवर झालेला असतो. हा प्रयोग मला फार आवडतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

प्रोपोलिस म्हणजे मध नव्हे. कामकरी माश्या कळ्यांवरचा, सालीवरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा करतात, त्यात मेण मिसळतात आणि पोळ्यातल्या फटी बुजवतात. अल्कोहोलमध्ये भिजवून त्याचा अर्क काढतात.

प्लेटला ९६ खळगे असतात. प्रत्येकात काही हजार कर्कपेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवायच्या, अर्काची मात्रा खळग्यागणिक वाढवत न्यायची आणि एक ते तीन दिवस थांबायचं. मग किती पेशी जगल्या, हे कळणार कसं? टिम मॉसमन या संशोधकांनी १९८३ साली त्यासाठी रंगाचा उपयोग केला. खळग्यात एमटीटी हा पिवळा पदार्थ घालतात. जिवंत पेशीत अन्नाचं विघटन सतत चालू असतं. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन एनएडीएचसारखे रेणू वाहून नेतात आणि एन्झाइमं ते एमटीटीला देतात. पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान होतं, सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात. मेलेल्या पेशीत ही देवघेव बंद पडलेली असते. स्फटिक विरघळवून ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश त्यातून सोडतात. शोषण जितकं जास्त, तितक्या जिवंत पेशी जास्त, असा हिशेब. ज्या मात्रेला हे शोषण निम्म्यावर येतं, तिला आयसी-५० म्हणतात.

पण नीट पाहिलं तर यंत्र पेशी मोजतच नाही, इलेक्ट्रॉनची देवघेव मोजतं. पेशी न मरता नुसती मंदावली, तरी रंग फिका पडतो. उलट प्रोपोलिसमधली पॉलिफिनॉल्स स्वतःच इलेक्ट्रॉन देणारी; अँटीऑक्सिडंट म्हणून त्यांचं कौतुक होतं ते त्याचमुळे. ती एकही पेशी नसलेल्या खळग्यातही एमटीटी जांभळं करू शकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात! म्हणून काही खळग्यांत पेशींविना नुसता अर्क ठेवतात. काहींत पेशी आणि तेवढंच अल्कोहोल, कारण तेही पेशी मारतं. निरोगी पेशींची प्लेट तर हवीच. दोन्ही प्रकारच्या पेशी सारख्याच मात्रेला मरत असतील, तर त्या अर्काला कर्कपेशी ओळखताच येत नाहीत.

निसर्गातून आलंय म्हणजे अपाय नाही, हा समज सोडायला हवा. प्रोपोलिसमुळे काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठते. शिवाय प्लेटमध्ये पेशी अर्कात दिवसेंदिवस बुडालेल्या असतात. शरीरात तसं घडत नाही. प्रोपोलिसमधला ‘केप’ हा बहुचर्चित घटक घ्या. तो कॅफिक आम्लाचा एस्टर आहे, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तद्रवातली एन्झाइमं तो काही तासांतच तोडून टाकतात.